वॉल्टकाकांची काडतुसं

आमच्या घरात कुठलीही वस्तू सुखासुखी आली नाही. भाताचा कुकर यायला पाच आठवडे लागले, गादीला अकरा. त्या अकरा आठवड्यांत आम्ही तिघं ॲरिझोनातल्या चँडलरच्या नव्याकोऱ्या घरात सतरंजीवर झोपलो, आणि आई रोज सकाळी कंबर धरून उठताना बाबांकडे अशी बघायची की दुसऱ्या कुणी त्याच दिवशी दुकान गाठलं असतं. बाबांवर परिणाम शून्य. ते चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर होते, आणि मोजल्याशिवाय निवडलेली गोष्ट त्यांच्या लेखी निवडलेली नसायचीच. डाव्या बाजूला गाद्यांची नावं, वर गुणधर्म, प्रत्येक गुणधर्माला शंभरपैकी ठरावीक गुण, शेवटी बेरीज. बेरजेत जी पहिली येईल ती घरी यायची, मग ती आवडो न आवडो. आमची गादी पहिली आली होती आणि ती फळीसारखी होती. अजूनही आहे. पाहुण्यांच्या खोलीत घातली आहे, त्यामुळे आमच्याकडे पाहुणे फार दिवस राहत नाहीत.

हे तक्ते लिहायचं काम माझं. मी सात वर्षांची असताना आम्ही मिरजेहून अमेरिकेत आलो, आणि पोरगी मराठी विसरेल या धास्तीने बाबांनी घरातलं सगळं लिखाण माझ्यावर सोपवलं. वाणसामानाची यादी मराठीत, फ्रीजवरच्या चिठ्ठ्या मराठीत आणि तक्ते तर हमखास मराठीत. शाळेत मी दिवसभर इंग्रजी बोलायचे आणि संध्याकाळी डायनिंग टेबलावर बसून ‘व्हॅक्यूम क्लीनर, ओढण्याची ताकद, वीस गुण’ असं वळणदार अक्षरात लिहायचे. आज हे प्रकरण लिहिते आहे ते त्याच सक्तीच्या जोरावर, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. तक्ता पुरा झाला की बाबा तो ऑफिसात नेऊन लॅमिनेट करून आणायचे, आणि लॅमिनेट झाला की विषय संपला. असाच एक तक्ता माझ्या खोलीत कपाटाच्या दारावर चिकटवलेला होता. मी पुढे काय शिकायचं, त्याचा. तो मीच, नववीत असताना, बाबा सांगतील तसा सुवाच्य अक्षरात लिहिला होता. इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग पहिलं आलं होतं, दुसऱ्याला फार मागे टाकून. मला लहान मुलांना शिकवायचं होतं. ती ओळ तक्त्यात नव्हतीच, आणि ती घाला असं म्हणायची माझी छाती झाली नाही. रोज सकाळी कपडे काढायला दार उघडलं की इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग माझ्या तोंडावर यायचं.

बाबांचा दुसरा नियम, वाढत्या अंगाचं घ्यायचं. माझे बूट नेहमी दोन नंबर मोठे असायचे आणि पुढे कापूस कोंबलेला असायचा. स्वेटरच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. आम्ही तिघंच, पण गाडी आठ माणसांची, कारण कधी कुणी आलं तर. ही सवय एकट्या बाबांची नव्हे. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात वीस माणसांचं पातेलं होतं आणि जेवायला चार माणसं होती. मीसुद्धा माझ्या मुलीला तसेच बूट घेतले. आता टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहणारी ती मुलगी तिच्या मुलाला मापाचे बूट घेते, आणि मला ते बघून उगाचच जिवाला लागतं.

आमच्या मागच्या अंगणाच्या सिमेंटच्या भिंतीपलीकडे वॉल्टकाका राहायचे. सव्वासहा फुटी माणूस, त्यामुळे भिंतीवरून त्यांची हॅट आणि मिशा एवढंच आधी दिसायचं. आयुष्यभर तांब्याच्या खाणीत मोठमोठी यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेले. मी त्यांना पहिल्यांदा ‘मिस्टर’ म्हणाले तेव्हा आईने मला घरात ओढून नेऊन दम भरला होता. “मिस्टर काय मिस्टर? शेजारी आहेत, काका म्हण.” तेव्हापासून ते वॉल्टकाका. आपल्याला काय म्हणतात ते कळल्यावर ते स्वतःच फोनवर ‘धिस इज काका’ असं सांगायला लागले. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत मांडते आहे, पण त्यातल्या शिव्या गाळल्या आहेत, त्यामुळे ते मूळच्या निम्म्याने भरेल.

ते दर हिवाळ्यात डोंगरात हरणाच्या शिकारीला जायचे आणि पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं मटण भिंतीवरून आईकडे द्यायचे. आई कोल्हापूरची. घरात वास नको म्हणून ती अंगणात गॅसची शेगडी मांडायची, कांदा-खोबरं भाजायची, पाट्यावरचं नाही तर मिक्सरमधलं वाटण लावायची, आणि रविवारी दुपारी त्या रश्श्याचा वास चार घरं सोडून जायचा. वॉल्टकाका वास आला की हॅट काढून हजर. पहिल्या वाटीला त्यांचं नाक लाल व्हायचं, दुसऱ्या वाटीला डोकं पुसायला टॉवेल लागायचा, आणि तिसरी ते स्वतः मागून घ्यायचे. बाबा जन्मापासून शाकाहारी. ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वरण-भात घेऊन बसायचे आणि वॉल्टकाकांशी एअर कंडिशनरच्या क्षमतेवर बोलायचे. बाबांच्या तक्त्यामुळेच काकांनी योग्य एअर कंडिशनर घेतला होता. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात ज्याने तुम्हाला योग्य एअर कंडिशनर निवडून दिला, त्याच्यावर तुमची श्रद्धा बसते.

अशाच एका रविवारी वॉल्टकाकांनी रश्श्याची वाटी बाजूला ठेवली आणि आफ्रिकेचा विषय काढला. तसा तो आम्हाला नवा नव्हता. चाळीस वर्षं त्यांना आफ्रिकेत जाऊन कुडूची शिकार करायची होती. कुडू म्हणजे घोड्याएवढं हरीण, पिळाची लांबच लांब शिंगं असलेलं. त्यांची बायको ज्यूडी हे चाळीस वर्षं ऐकत होती, आणि शेवटच्या आजारपणात ती त्यांना म्हणाली होती, “वॉल्ट, एकदाचा जाऊन ये आणि मग गप्प बस.” तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. काकांनी आता जायचं पक्कं केलं होतं. त्यांना बहात्तरावं लागलं होतं, उजव्या खांद्याचं एक ऑपरेशन झालेलं आणि दुसरं पुढच्या वर्षी ठरलेलं. त्यानंतर बंदूक धरायची नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे ही एकच खेप.

“पण काडतूस कुठलं न्यावं तेच कळत नाही,” काका म्हणाले. “एक मासिक एक सांगतं, दुसरं दुसरं. दुकानात चार माणसांना विचारलं तर सहा मतं मिळाली. मी इथे चाळीस वर्षं तीस-शून्य-सहा वापरतो, पण आफ्रिका म्हणजे आफ्रिका. श्री, तू इंजिनियर आहेस. मला तुझा एक चार्ट करून दे ना.”

माझ्या बाबांनी आयुष्यात झुरळ मारलं नव्हतं. झुरळ दिसलं की ते आईला हाक मारायचे. पण ‘चार्ट’ हा शब्द ऐकताच त्यांनी भाताचा घास ताटात ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यानंतर फक्त माझ्या लग्नात पाहिला. “किती वेळ आहे आपल्याकडे?” त्यांनी विचारलं. काका म्हणाले, पाच महिने. “थोडा कमी आहे,” बाबा म्हणाले, “पण बघू.”

पुढचे तीन महिने आमचं घर काडतुसांनी भरून गेलं. खरी काडतुसं काकांकडेच होती, आमच्याकडे कागद. लायब्ररीतून पुस्तकं आली, मासिकांचे गठ्ठे आले. बाबा कणीक मळणाऱ्या आईमागे उभे राहून तिला समजावून सांगायचे की मऊ तोंडाची गोळी आत जाऊन पसरते, ती हरणांसाठी, आणि घट्ट गोळी पसरत नाही, जाड कातड्यातून आरपार जाते, ती हत्ती-रानम्हशींसाठी. आई म्हणायची, “बरं. बाजूला व्हा, तवा तापलाय.” विमानात काडतुसं फक्त पाच किलो नेता येतात असं कळल्यावर बाबांनी काकांकडून प्रत्येक जातीचं एकेक मागून आणलं आणि आईच्या स्वयंपाकाच्या काट्यावर तोललं. रव्याच्या लाडवाच्या ताटाशेजारी ती पितळी काडतुसं ओळीने उभी होती. आईने तो काटा व्हिनेगरने तीनदा धुतला आणि त्यानंतर कधी त्यावर रवा मोजला नाही.

मी रोज संध्याकाळी तक्ता लिहीत होते. डावीकडे दहा काडतुसं, वर रकाने: गोळीचं वजन, वेग, लांबवरचा नेम, आफ्रिकेतल्या दुकानात मिळतं का, आणि असे बरेच. सर्वांत मोठा रकाना बाबांनी स्वतः सुचवला होता. ‘म्हैस आडवी आली तर’, पंचवीस गुण. काकांना कुडू मारायचा होता, जमलं तर एखादं रानडुक्कर. म्हशीचा परवानाच त्यांच्याकडे नव्हता.

“अहो, त्या माणसाला हरीण मारायचंय,” आई म्हणाली. “म्हैस कुठून आली?”

“आफ्रिकेतून,” बाबा म्हणाले.

“त्यांच्याबरोबर तिथला वाटाड्या असतो ना मोठी बंदूक घेऊन? काकाच म्हणाले,” मी म्हटलं.

“आणि वाटाड्याला त्या दिवशी ताप आला तर?” बाबा म्हणाले. “लिही तू. पंचवीस.”

म्हणजे काडतूससुद्धा वाढत्या अंगाचंच निघणार हे मला तिथेच कळायला हवं होतं. शेवटच्या रकान्याचं नाव होतं ‘धक्का’. बार काढला की बंदूक मागे खांद्यावर आदळते, तो. त्याला शंभरात दोन गुण. बाबांचं म्हणणं, धक्का एक क्षण बसतो, म्हैस कायमची बसते. (बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. हे पान त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, दोन नव्हे, तीन गुण होते. जपून ठेवलेली प्रत काढून बघितली. दोनच आहेत.)

त्या सुमारास कुणाच्या तरी घरी सत्यनारायण होता. प्रसाद घेऊन पुरुषमंडळी बैठकीच्या खोलीत बसली आणि बाबांनी विषय काढला. त्या खोलीत बंदूक हातात धरलेला एकही माणूस नव्हता, पण मत नसलेलाही नव्हता. “घेतोयस तर मोठीच घे यार, नंतर रिग्रेट नको,” एक काका म्हणाले. दुसऱ्यांनी वेगाचा वर्ग आणि वस्तुमान असं काहीतरी पेपर नॅपकिनवर मांडून दाखवलं. कोपऱ्यात नागपूरचे डॉक्टर भुसारीकाका बसले होते, हाडांचे डॉक्टर. ते बराच वेळ शिरा खात ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “अरे पण गोळी मारणारा कोण आहे? वय काय त्याचं? खांदा कसा आहे?” नेमक्या त्याच क्षणाला आतून “पानं वाढलीत, चला” अशी हाक आली आणि सगळे उठले. प्रश्न तिथेच शिऱ्याच्या रिकाम्या वाटीशेजारी राहिला.

बेरीज झाली. तीनशे पंचाहत्तर मॅग्नम पहिलं आलं. करंगळीएवढं जाड, मधल्या बोटाहून लांब. त्याने हरणापासून हत्तीपर्यंत काहीही मारता येतं. बाबांनी तक्ता लॅमिनेट करून काकांना दिला, काकांनी तो मराठी तक्ता वाचता येत नसूनही आपल्या फ्रीजवर लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, आणि त्या काडतुसाची नवी रायफल आणली.

मग शनिवार सुरू झाले. गावाबाहेर वाळवंटात बंदुकीच्या सरावाचं मैदान होतं. पत्र्याची शेड, ओळीने सिमेंटची टेबलं, समोर शंभर यार्डांवर कागदी निशाण, आणि त्यामागे मातीचा बांध आणि उंच निवडुंग. आम्ही पहाटेच निघायचो. आई पोहे भरलेला स्टीलचा डबा द्यायची आणि वर “कानावरची ती झाकणं काढू नका” असं तिघांना मिळून सांगायची. काका टेबलाशी बसून नेम धरायचे, बाबा दुर्बिणीतून निशाण बघून आकडे सांगायचे, मी वहीत लिहायचे आणि खोक्यातून एकेक काडतूस काढून काकांच्या हातात द्यायचे. बंदुकीची थोडीफार ओळख मला काकांनीच करून दिली होती. आदल्या वर्षी त्यांनी मला याच मैदानावर एक लहानशी रायफल शिकवली होती, तेव्हा माझ्या नकळत मध्येच एक रिकामं काडतूस भरून दिलं होतं. बार झालाच नाही, पण मी मात्र डोळे मिटून, खांदे उचलून, दात आवळून बसले होते. “बघ,” काका हसत म्हणाले होते, “तू बंदुकीला घाबरतेस आणि बंदूक ते निशाणाला जाऊन सांगते.”

तीनशे पंचाहत्तरचा पहिला बार झाला तेव्हा डब्यातले पोहे हलले. काका म्हणाले, “वाह्! दणका आहे!” बाबांनी दुर्बिणीतून पाहिलं. कागदाला भोक नव्हतं. दुसरी गोळी डावीकडे खाली, तिसरी बांधात. चाळीस वर्षं डोंगरात शिकार केलेला हा माणूस, पण त्याच्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेतही पडेनात. बाबांनी अर्थातच काडतुसांना दोष दिला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या वजनाच्या गोळ्या आणल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसऱ्या. वहीत नवे रकाने आले, वारा, तापमान, खोक्याचा क्रमांक. असे पाच शनिवार गेले. गोळ्या होत्या तिथेच, म्हणजे कुठेही. आणि दर वेळी बाबांनी “वॉल्ट, कसं वाटलं?” विचारलं की काका म्हणायचे, “ग्रेट, श्री! ग्रेट!”

पाचव्या शनिवारनंतरच्या रविवारी रस्सा होता. आई वाढता वाढता एकदम थांबली. “वॉल्ट! नो लेफ्ट हँड!” काका भाकरी डाव्या हाताने मोडत होते. त्यांनी मुकाट्याने उजवा हात वर आणला, वाटी उचलली, आणि अर्धा रस्सा शर्टावर सांडला. आई फडकं आणायला आत गेली, बाबा तिच्यामागून पाणी आणायला गेले. मी एकटीच टेबलाशी होते. काकांनी शर्टाची दोन बटणं काढून डाग झटकायला कापड बाजूला केलं तेव्हा मला त्यांचा खांदा दिसला. जांभळा, निळा, कडेने पिवळा, वांग्यासारखा तुकतुकीत.

“बाबांना सांगा ना,” मी म्हटलं.

“अजिबात नाही,” काका कुजबुजले. “तीन महिने घालवलेत त्याने. तूही बोलायचं नाहीस. प्रॉमिस?”

“पण मग कुडू?”

काका वाटीकडे बघत हळूच म्हणाले, “चुकून पोटात गोळी बसली आणि ते जनावर तसंच झुडपात निघून गेलं तर मला झोप येणार नाही, किडो. कदाचित मी तिथे नुसताच फिरेन. गोळी झाडणारच नाही.” मग आई फडकं घेऊन आली आणि त्यांनी तिसरी वाटी मागितली.

मी त्या आठवड्यात शाळेत काय शिकले मला आठवत नाही. पंधरा दिवसांवर विमान होतं. आयुष्यभर वाट पाहिलेला माणूस आफ्रिकेत जाऊन नुसता फिरून येणार होता, ते माझ्या बाबांच्या एका तक्त्यापायी आणि माझ्या सुवाच्य अक्षरापायी. सांगावं तर दिलेला शब्द मोडतो, न सांगावं तर काका मोडतात. आणि खरं सांगायचं तर शब्द वगैरे निमित्त होतं. बाबांच्या लॅमिनेट केलेल्या गोष्टीला चूक म्हणायचं, हे माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मी स्वतः दोन वर्षं कपाटाच्या दारासमोर मूग गिळून उभी होते. काका तेच करत होते, फक्त त्यांच्या खांद्यावर दिसत होतं.

सहाव्या शनिवारी मी काकांच्या पेटीतून त्यांचं घरी सरावासाठी केलेलं दारू नसलेलं काडतूस उचललं. खऱ्यासारखंच, पण ओळखू यावं म्हणून पितळेला बारीक भोक पाडलेलं. पहिली दोन काडतुसं मी खरी दिली. दोन्ही गोळ्या बांधात. तिसऱ्या वेळी भोकावर अंगठा ठेवून ते रिकामं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी न बघता भरलं. नेम धरला. श्वास सोडला. चाप ओढला.

‘टक्’ असा एवढासा आवाज आला. पण बंदुकीची नळी झटक्याने खाली गेली, काकांचे डोळे घट्ट मिटलेले, मान आत ओढलेली, खांदा मागे, आणि ओठ असे आवळलेले की मिशा नाकात गेल्या. तो सव्वासहा फुटी माणूस काहीही न होता टेबलाशी आक्रसून बसला होता. मग त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तोंड घातलं.

बाबांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. “काय झालं? बार नाही झाला?” आणि लगेच, “मीनू, लिही. सदोष काडतूस, एक. खोक्याचा क्रमांक बघ.”

“बाबा, काडतूस सदोष नाही,” मी म्हटलं. “तुम्ही निशाणाकडे बघत होता. सहा शनिवार तुम्ही निशाणाकडेच बघताय. एकदा काकांकडे बघा.”

काकांनी बंदूक रिकामी करून टेबलावर ठेवली, एक उसासा टाकला आणि शर्टाची बटणं काढली. बाबा जवळ गेले. चष्मा वर करून त्यांनी तो खांदा बघितला, जसा ते कारखान्यातला बिघडलेला नमुना बघत असतील तसा, फार जवळून, फार वेळ. मग विचारलं, “केव्हापासून?”

“पहिल्या दिवसापासून,” काका म्हणाले.

“मग सांगितलं का नाहीस?”

“श्री, तू ते लॅमिनेट केलं होतंस,” काका म्हणाले. “लॅमिनेट केलेल्या कागदाला माणूस काय सांगणार?”

शेडमध्ये दुसऱ्या टोकाला कुणीतरी बार काढत होतं, तेवढाच आवाज. मला वाटलं, आता बाबा माझ्यावर चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. ते शेजारच्या बाकावर बसले, डब्याचं झाकण उघडलं, पोह्यांकडे पाहिलं, परत बंद केलं. मग म्हणाले, “वॉल्ट, तुझी जुनी रायफल कुठेय?”

ती काकांच्या ट्रकमध्ये सीटच्या मागेच होती. चाळीस वर्षांची तीस-शून्य-सहा, दस्त्यावरचं पॉलिश हाताच्या घामाने गेलेलं. धक्का तीनशे पंचाहत्तरच्या निम्म्याच्या आसपास. आमच्या तक्त्यात ती सातवी आली होती. काकांनी झाडूच्या तीन काठ्या वर बांधून केलेली तिकटी मांडली, उभ्याने त्यावर रायफल टेकवली आणि आरामात तीन गोळ्या झाडल्या. डोळे उघडे. मिशा जागच्या जागी. बाबांनी निशाणाचा कागद काढून आणला आणि पोह्यांच्या डब्यातली चमचा ठेवायची वाटी त्यावर पालथी घातली. तिन्ही भोकं वाटीखाली झाकली गेली. बाबांनी वाटी उचलून पुन्हा पाहिलं. पुन्हा ठेवली. असं तीन-चारदा केलं.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघंच गाडीत होतो, त्या आठ माणसांच्या गाडीत. एका सिग्नलला थांबल्यावर बाबा समोर बघत म्हणाले, “भुसारींनी विचारलं होतं. खांदा कसा आहे म्हणून. मी पुरी खायला उठलो.” मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि त्या वेळी बाबा मला इतके आवडले की मी त्यांचा दंड घट्ट धरून बसले. सिग्नल हिरवा झाला तरी त्यांनी दंड सोडवून घेतला नाही, एका हातानेच गाडी चालवली, जे ते कधीच करत नसत.

काका आफ्रिकेहून तीन आठवड्यांनी परत आले. ते येताना भिंतीवरून नाही, पुढच्या दाराने आले, इस्त्रीचा शर्ट घालून. कुडू मिळाला होता. एकाच गोळीत, जागच्या जागी. मटण तिथल्या वस्तीवर वाटलं गेलं. फोटोत ते जनावराशेजारी गुडघ्यावर बसले होते, हॅट छातीशी धरून, आणि ते हसत नव्हते. ज्यूडीला सांगितलं, असं एवढंच म्हणाले. मग त्यांनी खिशातून ते एकुलतं एक झाडलेलं काडतूस काढून बाबांच्या हातावर ठेवलं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, घसा खाकरला, आणि विचारलं, “म्हैस?”

“नाही आली, श्री.”

“एकदाही नाही?”

“लांबून एक दिसली,” काका म्हणाले. माझी खात्री आहे ते खोटं होतं. बाबांना बरं वाटावं म्हणून.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, एका संध्याकाळी मी खोलीत अभ्यास करत होते. दार वाजलं. बाबा कधीच दार वाजवत नसत. हातात एक मोठा कागद होता. त्यांनी कपाटाच्या दारावरचा तक्ता नखाने कोपरे सोडवत सावकाश काढला आणि हा कागद माझ्यासमोर टेबलावर पसरला. तोच तक्ता, पण या वेळी त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. त्यांचं अक्षर भयंकर, म्हणून तर सगळं मला लिहायला लावत. उजव्या टोकाला एक नवा रकाना आखला होता. नाव दिलं होतं ‘खांदा’. खाली सगळी घरं रिकामी. गुणही लिहिले नव्हते.

“अजून लॅमिनेट केलेलं नाही,” बाबा म्हणाले, आणि खिशातून पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली.

मी पेन्सिल उचलली आणि पहिल्या ओळीत, इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगसमोर, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘दुखतो’.

बाबांनी चष्मा वर केला. वाकून वाचलं, फार जवळून, फार वेळ.

“केव्हापासून?”

“नववीपासून.”

ते माझ्या पलंगाच्या कडेवर बसले. कागदाच्या तळाशी त्यांनी पट्टी न घेताच एक रिकामी ओळ आखली, वाकडीतिकडी, आणि पेन्सिल परत माझ्या हातात दिली. मग दाराकडे तोंड करून ओरडले, “अगं, चहा टाक. आम्हाला वेळ लागणार आहे.”